मागच्या रांगेला वारा लागत नव्हता

नाना, तुमच्या गाडीला गिऱ्हाईक मिळालं. पुण्याचा कोणी मुलगा आहे, रविवारी येऊन घेऊन जाणार. प्रशांतने फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात सुटका होती, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घरात माणसं नऊ आणि गाडीला दरवाजे दोन, अशी खरेदी करावी तर तुम्हीच. बापाच्या मागे ती लाल टर्बो सांभाळायची म्हणजे पोराने नोकरी सोडून तिच्याच मागे लागायला हवं. तुमचं तेरावं आटोपलं, अंगणातला मांडव उतरला, आता गाडीही जाईल.

मी दमलोय. काम तेवढंच आहे, वर्कशॉपही तेच, पण हल्ली संध्याकाळी घरी आलो की बूट न काढता तसाच खुर्चीत बसून राहतो. बायको विचारते, काय होतंय. तिला काय सांगू? गाडीच्या एका कूलरवरून शेजारच्या गाळ्यातल्या नानांशी वाद घातला होता आणि नाना गेले, असं सांगितलं तर ती म्हणेल, जाऊ दे ना, वाद काय होतातच. पुढचं मी तिला सांगितलेलं नाही. त्या वादात बरोबर कोण होतं, ते तुम्ही जायच्या दहा दिवस आधी मला कळलं होतं. तुम्हाला मी ते सांगितलं नाही. विसरून राहून गेलं असतं तर आज एवढं जड गेलं नसतं.

आपली ओळखच मुळी जागेच्या अडचणीमुळे झाली. गोडदेवातल्या तुमच्या गल्लीत ती गाडी शिरेना. बुटकी, रुंद, पोट जमिनीला लागलेलं. पहिल्याच गतिरोधकावर ती खरडली तेव्हा तुमच्या आळीतली म्हातारी माणसं हळहळली म्हणे. मग तुम्ही आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला, आमच्या शेजारचा रिकामा गाळा तिच्यासाठी घेतलात. आम्ही तिथे एसीची कॉइलं बनवतो. नळ्या आणि त्यांच्यावर चढवलेले पातळ पत्रे, गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवील तसं करून द्यायचं. डिप्लोमा झाल्यापासून बारा वर्षं मी दुसऱ्यांची ड्रॉइंग वाचत आलोय. एक दिवस तुम्ही पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी अशा थाटात आमच्या दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "तुमी थंड करनारी मान्सा ना? माजी गारी गरम होते. बगा जरा."

मला हसू आलं होतं, ते तुम्हाला दिसलंही असेल. साठीला आलेला माणूस, बापजाद्यांचं मिठागर, स्वतः जन्मभर पाण्याच्या पंपावर नोकरी केलेला, सायकलवरून कामाला जाणारा. वरसाव्याच्या एका हॉटेलामागे ताडपत्रीखाली ही गाडी पडलेली तुम्हाला दिसली. मालक परदेशी निघाला होता. का घेतलीत म्हणून मी विचारलं, तर तुम्ही खांदे उडवलेत. "बरी वाटली." एवढंच. पण हळूहळू कळलं की तुमची एक हौस होती. भर दुपारच्या उन्हात वरसाव्याहून घोडबंदर रोडने निघायचं आणि गायमुखचा चढ गाडीने दम न टाकता चढायचा. थंड सकाळी ती चढायचीच. दुपारी मात्र अर्ध्यात सुस्तावायची, आणि मागून येणारे टेम्पो तुम्हाला ओलांडून जायचे. त्या टेम्पोंचं तुम्हाला फार लागायचं.

दुखणं साधं होतं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून तर त्या गाडीला एवढा जोर. पण दाबलेली हवा तापते, सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो तशी. तापलेली हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर जातो. म्हणून ती मधेच एका जाळीतून नेऊन थंड करायची, तोच इंटरकूलर. तुमच्या गाडीचा मूळचा कूलर वहीएवढा होता आणि तोही इंजिनाच्याच डोक्यावर बसवलेला. थंड मुलखात ठीक असेल. काशीमिऱ्याच्या सिग्नलला जरा उभं राहिलं की तो स्वतःच तव्यासारखा तापायचा. तेव्हा नवा कूलर हवा, मोठा हवा आणि तो पुढे नाकाडावर बसवायला हवा, इथपर्यंत आपलं दोघांचं एकमत होतं. पुढे वर्षभर आपलं एकमत कशावरच झालं नाही.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं चांगलं वर्ष होतं, हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. केबिन रोडच्या सायबर कॅफेत जाऊन मी परदेशी कूलरांची पानंच्या पानं छापून आणायचो. तुम्ही उलट्या क्रेटवर बसून, चष्मा नाकावर ओढून ती चित्रं बघायचात आणि प्रत्येक चित्रावर बोट ठेवून विचारायचात, "हा का न्हाय?" मग मी सांगायचो का नाही. चहा आला की तुमचा मिस्ड कॉल यायचा, मधे एक भिंत असून. मी गेलो की पुन्हा तेच चित्र. आमचे शेठ मला नावाने हाक मारतात, पगारपत्रकावर मी सुपरवायझर आहे. तुम्ही पहिल्या दिवसापासून मला इंजिनेर म्हणालात आणि मला काय वाटतं ते विचारत राहिलात. मला काय वाटतं हे त्याआधी कोणी विचारलं नव्हतं.

एकदा आपण मुंबईला जुन्या इंपोर्टेड सामानाच्या दुकानात गेलो होतो, आठवतं ना? दुकानदाराने एक धिप्पाड कूलर काउंटरवर ठेवला आणि त्याच्यावर थाप मारली. "काका, जितना मोटा उतना अच्छा. रेस का पीस है." मी मान डोलावली. तुम्ही मात्र तो कूलर उभा धरलात, पुढून तोंड लावून जोरात फुंकर मारलीत आणि माझा हात धरून मागच्या बाजूला लावलात.

"लागतो का वारा?"

"थोडासा लागतोय."

"थोडासा. गारीचा वारा माज्यापेक्षा जास्ती असंल, मान्य. पन पुरच्या रांगंतच तो गरम झाला तं मागची रांग काय करंल? नुस्ती बसून ऱ्हानार."

दुकानदार हसला. "काका, फूंकने से थोड़ी पता चलता है." मला तुमची लाज वाटली होती, नाना. आता सांगायला हरकत नाही. दुकानातून निघताना मी तुमच्यापुढे चार पावलं चालत होतो.

गाळ्यात परत आल्यावर तुम्ही मला आगरातली गोष्ट सांगितलीत. तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचे. वडील चार दिवस परगावी गेलेले आणि मिठागर तुमच्या हवाली. "मना वाटला, वाफ्यात पानी जास्ती भरला तं मीठ जास्ती पिकंल. भरला गुडघाभर. बाजूच्या वाफ्यात बोटभर पानी. आठ दिसांनी बाजूच्या वाफ्यात मीठ उभा राहिला, माज्या वाफ्यात पानी ते पानीच. ऊन वरच्यावर लागतो रं. खाली पोचतच न्हाय. बा आला, बगितला, काय बोलला न्हाय. बांध फोरला न पानी सोरून दिला." आणि मग माझ्या छापील कागदांवर तळहात पसरून म्हणालात, "पसरट पायजे, इंजिनेर. गारीचा तोंड जेवरा रुंद तेवरा रुंद कर. पन पातल. जाडा नको."

मी तुम्हाला गुणाकार करून दाखवला. रांगा दुप्पट, नळ्या दुप्पट, पत्रे दुप्पट, म्हणजे थंडावा दुप्पट. एसीच्या कॉइलमध्ये आम्ही हेच करतो, थंडावा कमी पडला की रांग वाढवतो. पण आमच्या कॉइलमागे पंखा असतो, तो वारा ढकलतो. गाडीला पंखा नाही, जेवढा वारा आपणहून आत शिरेल तेवढाच. हा फरक शाळकरी पोराला कळावा इतका सोपा होता, आणि बारा वर्षं कॉइलं बनवणाऱ्या मला तो दिसला नाही. तुम्ही गुणाकाराकडे बराच वेळ बघत राहिलात. "हिशोब बराबर दिसतो," म्हणालात, आणि तरी मान हलवत राहिलात.

शेवटी कूलर बाहेरून मागवायचा नाही, आपणच करायचा असं ठरलं. शेठ कधी नव्हे ते खूष होते, ड्रॉइंगवर तुझंच नाव टाक म्हणाले. आणि मी माझ्या मनासारखा केला. चार रांगा, चार बोटं जाड. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग बाहेरून करून घेतलं, टाक्यांना पॉलिश केलं. बंपरच्या जाळीतून तो असा चमकायचा की इस्टेटमधले सगळे बघायला आले. इंटरनेटवर गाडीवेड्या पोरांचा एक कट्टा आहे, तिथे मी फोटो टाकले. एका दिवसात कौतुकाचा पाऊस. कोणी विचारलं, कुठली कंपनी. मी लिहिलं, स्वतःचं डिझाइन.

हायवेवर दोन मिनिटं पळवली तर गाडी तुफान निघाली. तुम्हीसुद्धा टोपी काढून मांडीवर ठेवलीत. पण गायमुखला दुपारी नेली आणि अर्ध्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. जोर गेला. एक टेम्पो ओलांडून गेला, त्याच्या मागे दुसरा. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, बॉनेट उघडलंत आणि कूलरला पुढून हात लावलात, मग मागून. मीच बोलत सुटलो. रेडिएटर जुना आहे, त्याचा पंखा कमजोर आहे, पेट्रोल भेसळीचं असेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्कशॉपमध्ये आलात. शेठ होते, आणि कट्ट्यावरची दोन पोरं बोरिवलीहून खास कूलर बघायला आली होती. तुम्ही त्यांच्यादेखत मला म्हणालात, मागच्या दोन रांगा काढून टाकू, रुंदी वाढवू, एकदा बगू तरी. आणि मी म्हटलं, "नाना, आपल्याला मीठ पिकवायचं नाहीये."

पोरं हसली. शेठ हसले. मी पण हसलो. तुम्हीही हसलात, सगळ्यांपेक्षा थोडं उशिरा. मग म्हणालात, "बराबर. तू शिकलेला हायस. तू म्हनशील तसा." त्या दिवसानंतर कूलरचा विषय तुम्ही काढला नाहीत. चहाचा मिस्ड कॉल यायचा, मी यायचो, आपण पालिकेच्या पाण्यावर बोलायचो, प्रशांतच्या बदलीवर बोलायचो. मी वाट बघायचो की तुम्ही आता भांडाल. तुम्ही भांडत नव्हता, आणि मला चहा गोड लागत नव्हता.

म्हणून मी पातळ कूलर बनवायला घेतला. तुमचं मन राखायला घेतला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. मी तो तुम्हाला खोटं पाडायला घेतला. एकदा पातळ करून दाखवावा, चढावर तो आणखी वाईट चालतो हे आकड्यांनी सिद्ध करावं आणि तुमच्या त्या गप्प बसण्याला उत्तर द्यावं. आठ-दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्यावर बसलो. दोन रांगा, दोन बोटं जाड, आणि रुंद इतका की बंपरच्या आत दोन्ही टोकांना जेमतेम करंगळी जाईल.

तुमच्याकडून किल्ली मागितली ती नळी घट्ट करायची आहे असं सांगून. दोन दिवस ठेवतो म्हटलं. तुम्ही विचारलंही नाही कुठली नळी. पहिल्या दुपारी जाड कूलर तसाच ठेवून गायमुख चढलो, कूलरच्या आधी आणि नंतर नळीत एकेक थर्मामीटर खोचून. दुसऱ्या दुपारी पातळ लावून. तोच चढ, तेच ऊन, पायही तेवढाच दाबलेला. मी वर पोचलो तेव्हा इंजिनाचा काटा मध्यावर होता, हललाही नव्हता. कूलरच्या नंतरचं थर्मामीटर कालच्यापेक्षा इतकं खाली होतं की ते बिघडलं असेल म्हणून मी काढून हातात धरून पाहिलं. ते ठीक होतं. खाली उतरून पुन्हा चढलो. पुन्हा तेच.

आनंद व्हायला हवा होता. गाडी तुमच्या मनासारखी चढली होती, तीही दोनदा, आणि कूलर माझ्या हातचा होता. पण घाटमाथ्यावर गाडी उभी करून मी विचार केला तो त्या बोरिवलीच्या पोरांचा. मग शेठचा, त्यांनी जाड कूलरचा फोटो नव्या कॅलेंडरवर छापायला दिला होता. मग 'स्वतःचं डिझाइन' या दोन शब्दांचा. परत येऊन मी पातळ कूलर काढला आणि जाड पुन्हा बसवला. सगळ्या नळ्या, सगळे क्लॅम्प, बंपर, नंबर प्लेट. तीन तास लागले. चूक दुरुस्त करायला लागले नव्हते एवढे कष्ट ती परत बसवायला घेतले. पातळ कूलर गोणपाटात गुंडाळून माझ्या टेबलाखाली सारला आणि किल्ली तुम्हाला आणून दिली.

"झाली का घट्ट?" तुम्ही विचारलंत.

"झाली," मी म्हटलं.

सांगणार होतो, नाना. अगदीच नाही असं नव्हतं. कॅलेंडर छापून होऊ दे, मग सांगू. तोवर डिझाइनमध्ये मी सुधारणा केली असं म्हणता येईल. दोन रांगा कमी करण्याची कल्पना मला सुचली असंही म्हणता येईल, नानांना काय, गाडी चढल्याशी मतलब. असले विचार करत होतो. लाज वाटते लिहायला. पण दुसरं कोणी हे तुम्हाला सांगणार नाही, तेव्हा मीच सांगतो.

तुमची माझी शेवटची भेट त्यानंतर सहा दिवसांनी. तुमच्या घरून काकींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली होती, तो डबा घेऊन तुम्ही आलात. मला खूप काम आहे असं मी दाखवत होतो. तुम्ही क्रेटवर बसलात आणि म्हणालात, "ते कंप्युटरवाले काय बोलतात?" मला दोन-तीन प्रतिक्रिया पाठ होत्या, त्या सांगितल्या. मद्रासच्या एकाने तसाच हवाय म्हणून लिहिलं होतं. तुमचा चेहरा उजळला. "तुजा नाव झाला. बरा झाला, इंजिनेर." मग थोडं थांबून, "चरावाला कवा जावाचा?" चढावर कधी जायचं, असं विचारत होतात तुम्ही. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू, आता नाही जमत. तुम्ही डबा तिथेच ठेवून उठलात. रिकामा झाल्यावर काकींकडे पोचव म्हणालात.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून ओट्यावर बसलात आणि डॉक्टर यायच्या आत गेलात. आळीत काही जण म्हणाले, या वयात असली गाडी, छातीवर ताण आला असेल. गाडी तर गाळ्यात उभी होती. तिच्या नाकावर माझा चमकता कूलर होता.

काल मी प्रशांतकडे किल्ली मागितली. काय सांगून मागितली असेल? नळी घट्ट करायची आहे. तोंडाला तेच आलं. गोणपाट सोडलं, पातळ कूलर बसवला आणि दुपारी एकटाच वरसाव्याच्या पुलाशी जाऊन उजवीकडे वळलो. गाडी चढली. पुढे चाललेला एक टेम्पो मी चढावर मागे टाकला. वर उतरून बॉनेट उघडलं, पुढून हात लावला, मागून लावला. मागची बाजूही गार होती. आता तुमची गाडी पुण्याला जाताना घाटात दम टाकणार नाही, एवढं झालं. मी मात्र उतरताना जास्त दमलेलो होतो.

किल्ली द्यायला तुमच्या घरी गेलो तो काढलेला जाड कूलर हातात घेऊन. तुमच्या गाडीची वस्तू, कुठेतरी टाकून द्यायला हात होईना. काकी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ह्या काय आनलास?" मी सांगायला लागलो आणि सगळंच सांगितलं. मिठाचं बोललो होतो ते, थर्मामीटरचं, तीन तासांचं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"म्हंजी ह्यांचा खरा व्हता?"

"हो काकी."

"तुला कवा समजला?"

"ते जायच्या दहा दिवस आधी."

त्यांचा हात सुपात थांबला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मंग सांगाचा व्हता ना रं," एवढंच म्हणाल्या. तांदळात बघत म्हणाल्या. मी जायला उठलो तेव्हा पुन्हा बोलल्या. "गारीचा बोलनाच सोरला व्हता त्यांनी. मी इचारला एकदा, का हो, हल्ली बोलत न्हाय गारीचा काय. तं बोलले, आपला सगला आगरातला. आगर गेला, तो ग्यान पन गेला. इंजिनेर हसला म्हंजी आपलाच चुकला असंल." मग त्यांनी मला चहा विचारला. मी घेतला.

नाना, मी हसलो तेव्हा मला खरंच वाटत होतं की माझं बरोबर आहे. त्या हसण्याची माफी मागता येईल, तुम्ही दिलीही असती. त्याच्या पुढचे दिवस माझ्याकडून निस्तरत नाहीत. तुम्ही रोज भिंतीपलीकडे येऊन बसत होतात, मिस्ड कॉल देत होतात, चहा पाजत होतात, आणि तुमच्या बापाने शिकवलेलं सगळं आता कुचकामी झालं असं मनाशी धरून परत जात होतात. एका वाक्याचं काम होतं. ते आज करतो, उशीर झालाय हे कळून करतो. तुमचं बरोबर होतं. मला माहीत होतं.